दाजींचे पातळ चंबू

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, काच फुंकतात. असं सांगितलं की लोक "अरे वा" म्हणतात आणि लगेच दुसरा विषय काढतात. मला त्याचा भयंकर राग येतो. एकदा येऊन बघा म्हणावं.

आमच्या कारखान्यात प्रयोगशाळेला लागणारी काचेची भांडी होतात. छोट्या बाटल्या यंत्रावर निघतात. बटण दाबलं की टकाटक बाहेर, त्यात काही मजा नाही. पण गोल बुडाचा मोठा चंबू, चांगल्या कलिंगडाएवढा, तो मात्र माणसाच्या तोंडानेच फुगतो. लांब लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतली वितळलेली काच गुंडाळून घ्यायची, नळी सारखी फिरवत ठेवायची आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. फिरवणं थांबलं की काच खाली लोंबते. फुंकर कमी पडली की भिंत जाड राहते, जास्त झाली की इतकी पातळ होते की नुसता धक्का लागला तरी चंबू फुटतो. हे सगळं नुसत्या अंदाजाने, आणि समोर भट्टी अशी की भुवया करपाव्यात.

मी त्याच कारखान्यात तपासनीस आहे. दाजींनी केलेला चंबू रात्रभर मंद भट्टीत हळूहळू थंड होतो आणि सकाळी माझ्या टेबलावर येतो. मी कॅलिपर लावून त्याची जाडी बघतो आणि पास की नापास ते ठरवतो. बहिणीच्या नवऱ्याला नापास करण्याचा अधिकार फार थोड्या मेहुण्यांच्या नशिबी असतो. पण खरं सांगायचं तर मला तो वापरायची वेळच आली नव्हती. दाजींचा चंबू आला की मी नावापुरतं कॅलिपर लावायचो, एक टिचकी मारायचो आणि पुढे सरकवायचो.

दाजी सिगारेट ओढायचे. ओढायचे म्हणजे काय, नळी तोंडातून निघाली की सिगारेट तोंडात, सिगारेट संपली की नळी. तोंड रिकामं म्हणून राहायचं नाही. मीही ओढतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून बसायचो आणि अख्ख्या जगाची खरडपट्टी काढायचो.

घरी दाजी म्हणजे तुफान माणूस. नकला, कोट्या, चिमटे, समोर कोण आहे ते बघणार नाहीत. ताईवर तर विशेष प्रेम. ती रागावली की तिच्याच आवाजात तिला उत्तर देणार. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. दाजी आमच्या मालकांची नक्कल करत होते. आम्ही हसत होतो, दाजीही हसत होते. हसता हसता त्यांना खोकला आला. त्यात नवीन काही नव्हतं, म्हणून आम्ही हसतच राहिलो. खोकला थांबेना. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, डोळे फिरले आणि दाजी समोरच्या ताटात तोंडावर पडले.

ताईने त्यांना धरून मागे घेतलं, भाची पाणी आणायला धावली आणि मी मात्र घास हातात धरून बघत बसलो. दाजी थोड्याच वेळात शुद्धीवर आले. नाकाला लागलेलं जेवण पुसत म्हणाले, "ताई, जेवण इतकं छान झालंय की वाकूनच खावंसं वाटलं." ते बायकोला कधीकधी मुद्दाम "ताई" म्हणायचे, मला चिडवायला.

कोणीही हसलं नाही.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, खोकल्याच्या जोराने मेंदूला रक्त कमी पडतं आणि अशी शुद्ध जाते, फुप्फुसं धुराने भरलेली आहेत, सिगारेट सोडा. सगळे डॉक्टर सांगतात तेच त्यांनी सांगितलं आणि सगळे पेशंट करतात तेच दाजींनी केलं. दवाखान्याच्या पायरीवरच एक पेटवली.

पण ताई माझी बहीण आहे. ती भांडली नाही, रडली नाही. घरी आल्यावर तिने शांतपणे जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात कोणी विनोद करायचा नाही."

"म्हणजे?" दाजी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही हसायचं नाही. हसलात की खोकणार. खोकलात की पडणार. आम्हाला ते पुन्हा बघायचं नाही."

दाजींना ही गंमतच वाटली. पण आठवड्याभरात त्या घराची पार रया गेली. मी गेलो तर तिघं जण समोरासमोर बसून "मीठ दे", "पाणी दे" एवढंच बोलत होते. दाजींनी न राहवून एक कोटी केली. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. दाजींनी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं ती हसू दाबतेय. जवळून बघितलं तर पोरगी हसू दाबत नव्हती, तिला हसूच येत नव्हतं. ती टक लावून बापाच्या छातीकडे बघत होती.

दाजींनीही ते पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं. सोमवारी सकाळी त्यांनी खिशातलं पाकीट भट्टीत फेकलं आणि मला म्हणाले, "मेहुणे, आजपासून भिंतीला एकट्यानेच टेका."

मला वाटलं, टिकेल बुधवारपर्यंत.

सुरुवातीचे ते दिवस शत्रूवरही येऊ नयेत. दाजी दातात लवंग धरून फिरायचे आणि दिसेल त्याच्यावर खेकसायचे. हात थरथरायचे. भट्टीवाल्यावर तर त्यांचा खास राग. हा भट्टीवाला दाजींच्याच वयाचा, दोघं कारखान्यात एकत्रच लागलेले. दाजी गेली कित्येक वर्षं त्याच्या नावाने बोंबलत असत, "भट्टी थंड आहे, वाढव! अजून वाढव! भट्टी आहे की देवघरातला दिवा?" तो बिचारा मान डोलावून आच वाढवायचा. आता तर त्याला श्वास घ्यायचीही सोय राहिली नाही.

मग हळूहळू थरथर गेली. सकाळचा तो घर हादरवणारा खोकला कमी होत होत थांबला. जिना चढताना दाजी मध्ये टेकेनासे झाले. एके दिवशी ताईला म्हणाले, "तू साबण बदललास का?" साबण लग्नापासून तोच होता. वास आत्ता कुठे त्यांच्यापर्यंत पोचला होता. ताईने विनोदावरची बंदी उठवली आणि दाजी पुन्हा तिच्या आवाजात तिला उत्तरं द्यायला लागले. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

आणि मग पातळ चंबू यायला लागले.

पहिल्यांदा मी सवयीने कॅलिपर लावलं आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. पुसून पुन्हा लावलं. भिंत पातळ, हवी त्यापेक्षा कितीतरी पातळ. असा चंबू प्रयोगशाळेत गेला आणि आचेवर फुटला तर कोणाचे तरी डोळे जायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी दाजींच्या चंबूवर लाल खडूने फुली मारली. एखाद्या वेळी होतं, असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलावर फुल्याच फुल्या.

"तुझं कॅलिपर बिघडलंय," दाजी म्हणाले.

मी नवीन कॅलिपर आणलं. नव्या कॅलिपरनेही तेच सांगितलं.

"मग तुझे डोळे बिघडलेत."

मी काही बोललो नाही. मी बोललो नाही हे बघून दाजी घाबरले. एरवी मी गप्प बसणारा नाही.

त्याच दुपारी भट्टीसमोर ते एक चंबू फुंकत होते आणि बघता बघता तो साबणाच्या फुग्यासारखा पातळ होऊन नळीवरच फुटला. काचेचे पापुद्रे हवेत तरंगत खाली आले. सगळा कारखाना जागच्या जागी थिजला. यंत्रावरच्या बायकाही वळून बघायला लागल्या. दाजींच्या हातून असं कधी झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. दाजी नळी हातात धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना. मी मान फिरवली.

मालक वाईट माणूस नाही. त्यांनी दाजींना बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "उस्ताद, ऑर्डर मोठी आहे, आणि निम्मा माल नापास होतोय. तुम्ही पुष्कळ केलंत. पुढच्या सोमवारपासून बाटल्यांच्या यंत्रावर बसा, जरा आराम होईल."

यंत्रावर. बटण दाबायला. ज्या माणसाला बघायला बाहेरगावचे लोक येत, तो आता बटण दाबणार. दाजी "बरं मालक" एवढंच म्हणाले. त्यांनी भांडायला हवं होतं. ते "बरं" म्हणाले ह्याचा मला जो धक्का बसला, तो अजून गेलेला नाही.

कारखान्यात ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. "सिगारेट होती तोवर हात होता." कोणी म्हणे, जुनी सवय मोडली की शरीर बिथरतं. कोणी म्हणे, धुराने छाती घट्ट राहते, म्हणून फुंकर काबूत असते. मला हे सगळं मूर्खपणाचं वाटत होतं, पण उलट उत्तर द्यायला माझ्यापाशी काय होतं? सिगारेट सुटली आणि हात गेला, हे तर मी माझ्याच लाल खडूने लिहीत होतो.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या भिंतीपाशी गेलो तर दाजी तिथे आधीच येऊन बसलेले. शेजारी नापास चंबूंच्या तुकड्यांचा ढीग होता, पुन्हा वितळवायला ठेवलेला. बहुतेक ढीग त्यांचाच.

"एक दे," दाजी म्हणाले.

"काय?"

"नाटकं करू नकोस. सिगारेट दे एक."

"ताईला काय सांगू?"

"सांग, जिवंत राहिलो असतो, पण कशासाठी ते कळेना." मग एकदम खाली बघून म्हणाले, "अरे, मला दुसरं काही येत नाही रे. एवढंच येतं."

माझा हात खिशात गेला होता. पाकीट बोटांना लागलंही. एकीकडे ताई दिसत होती, ताटात पडलेल्या नवऱ्याला मागे ओढणारी, आणि दुसरीकडे हा माणूस समोर बसला होता. मला काय करावं कळेना. आणि मला काय करावं कळेना की मी चिडतो. मी पाकीट तसंच सोडून ढिगातला एक तुकडा उचलला, भिंतीवर आपटायला. आपटला. दुसरा उचलला. तिसरा उचलला आणि थांबलो.

बोटांना काहीतरी वेगळं जाणवत होतं. मी तुकडा आडवा धरून पाहिला. मग दुसरा, मग तिसरा. छातीवरच्या खिशातून कॅलिपर काढलं आणि ढिगासमोर उकिडवा बसून एकेक तुकडा मोजायला लागलो.

"वेड लागलं का तुला?" दाजी म्हणाले.

"दाजी, हात गेलेल्या माणसाचा चंबू कसा असतो?"

"असा असतो. बघतोयस ना."

"नाही. हात गेला की एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. नळी नीट फिरत नाही म्हणून. मी शिकाऊ लोकांचे असे शेकड्यांनी फोडलेत. हे बघा. सगळीकडून सारखं. सगळीकडून अगदी सारखं पातळ. तुमचा हात कुठेही गेलेला नाही!"

दाजींनी तुकडा हातात घेतला, उजेडात धरला. तेवढ्यात भट्टीवाला ढीग भरून न्यायला घमेलं घेऊन आला. आम्हाला तसं बसलेलं पाहून म्हणाला, "पातळ होणारच. पाण्यासारखी काच घेतात उस्ताद."

"मग कशी घ्यायची?" दाजी त्याच्यावर खेकसले. "तेवढी मऊ असल्याशिवाय फुगते का?"

"आता तशी लागते तुम्हाला. पूर्वी नव्हती लागत."

"पूर्वी वाळू चांगली होती."

"वाळू तीच आहे, उस्ताद. मीच उतरवून घेतो." भट्टीवाल्याने घमेलं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तो एवढं बोललेला मी ऐकला नव्हता. "तरुणपणी तुम्ही काच केशरी होऊ द्यायचात आणि मग फुंकायचात. मग म्हणालात, जरा मऊ दे. मग म्हणालात, भट्टी वाढव. दर वर्षी थोडी वाढव. मी वाढवत गेलो. आता ती पांढरी पडते, बघवत नाही तिच्याकडे."

दाजी हातातला तुकडा फिरवत राहिले. माझ्या डोक्यात काहीतरी सरकत होतं, पण ते मला तोंडाने म्हणायचं नव्हतं.

"चला," मी म्हणालो.

सुट्टी संपायची होती, कारखान्यात कोणी नव्हतं. दाजींनी नळीवर काच घेतली आणि सवयीने लगेच तोंडाला लावायला गेले. भट्टीवाल्याने त्यांचं मनगट धरलं. "थांबा. थंड होऊ द्या." दाजी नळी फिरवत उभे राहिले. पांढरा गोळा पिवळा झाला.

"आता?"

"अजून."

पिवळ्याचा केशरी झाला. "दगड झाला हा!" दाजी ओरडले. "ह्यात काय डोंबल फुंकू?"

"फुंका," भट्टीवाला म्हणाला.

दाजींनी गाल फुगवले आणि नेहमीसारखा पोटापासून जोर लावला. गोळा फुगायला लागला. अडखळला नाही, रुसला नाही. नळीच्या मागे दाजींचे डोळे मोठे मोठे होत गेले. त्यांनी जोर कमी केला, तरी तो फुगतच राहिला, शांतपणे, त्यांच्या मनाप्रमाणे, जेवढा हवा तेवढा. मग त्यांनी तोंड बाजूला केलं. त्यांना धाप लागलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंबू थंड होऊन माझ्या टेबलावर आला तेव्हा टेबलाभोवती मालकांसकट सगळे जमले होते. मी कॅलिपर लावलं. पोटाला, बुडाला, मानेखाली. खडूला हात लावला नाही. "पास," मी म्हणालो.

मालकांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. "उस्ताद, यंत्राचं विसरा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. भट्टी कमी करायची आणि जळण वाचणार म्हणून मालक डबल खूश.

दाजी मात्र खोक्यावर बसले होते. आनंद वगैरे काही नव्हता, चेहरा पांढराफटक पडला होता. मी पाणी नेऊन दिलं.

"म्हणजे माझी फुंकर गेली होती," ते म्हणाले. "अरे, माझी फुंकर कधीच संपली होती, आणि मला पत्ता नाही! मी ह्याला शिव्या घालत होतो. वाळूला घालत होतो. काच मऊ कर, भट्टी वाढव, काच मऊ कर. आणि वाटत होतं, मी आहे तसाच आहे. आता सिगारेट सुटली, फुंकर परत आली, आणि काच मात्र तशीच मऊ घेत राहिलो."

भट्टीवाला म्हणाला, "शिव्यांचं काय घेऊन बसलात. भट्टीपाशी सगळेच तापतात."

"तुला कळत होतं?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "त्या रविवारी मी उठलोच नसतो ना, तर तुम्ही सगळे काय म्हणाला असता? म्हणाला असता, शेवटच्या दिवसापर्यंत हात तसाच होता. तूच म्हणाला असतास."

म्हणालोच असतो. कॅलिपरची शपथ घेऊन म्हणालो असतो. इतकी वर्षं मी रोज त्यांचा चंबू मोजत होतो आणि दर वर्षी माणूस आतून थोडा थोडा संपत होता, आणि मी पास म्हणत होतो. मी उठलो आणि पास झालेला माल पेट्यांत भरायला लागलो.

पेट्या भरून झाल्या. मी त्या एकेक करून हातगाडीवर चढवल्या आणि गाडी वरच्या गोदामाकडे, फिरून जाणाऱ्या हलक्या चढाच्या रस्त्याने ढकलायला लागलो. दाजी मागून म्हणाले, "का रे, तू पेट्या गाडीवरून कधीपासून न्यायला लागलास?"

"गाडी सोयीची पडते."

"पूर्वी खांद्यावर टाकून जिन्याने जायचास. शीळ घालत."

"तेव्हा पेट्या हलक्या होत्या, दाजी."

दाजी आणि भट्टीवाला नुसते माझ्याकडे बघत राहिले. आणि गाडीची मूठ धरून उभ्या उभ्या मी आठवायला लागलो, मी जिना नेमका कधी सोडला, आणि मला काही केल्या आठवेना.